प्लायवूडमागचा टॉवर

तोताराम बिऱ्हाडे फोनवर बोलायला लागले की पलीकडचा माणूस आपसूक सावरून बसायचा. आवाज मोठा नव्हता. पण प्रत्येक शब्द वेगळा, सुटा, पाखडून घेतलेल्या डाळीसारखा. वीस वर्षं हवाई दलात वायरलेसवर काढली होती. जोधपूर, तेजपूर, पुणे. टॉवरमध्ये अधिकारी बदलत राहायचे, सेटवरचा आवाज बहुतेक वेळा तोतारामचाच असायचा. धुळीच्या वादळात रस्ता चुकलेल्या विमानांना त्या आवाजाने धावपट्टीवर आणलं होतं. तिथं त्यांच्या अंगात एक सवय मुरली. हाक आली की उत्तर द्यायचं. मदत करता येत नसली तरी ‘ऐकतोय’ एवढं तरी सांगायचं. वर एकटा असलेल्या माणसाला गप्प टॉवरइतकं भयंकर दुसरं काही नसतं, असं ते म्हणत.

१९९२ला ते सेवेतून सुटले आणि जळगावात पिंप्राळ्याला घर करून राहिले. मूळ गाव एरंडोलजवळचं. पत्नी लिलाबाई अंगणवाडीत होत्या. तोतारामना एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी मिळाली. वीस वर्षं ज्याने आकाशाशी बोलून काढली, तो आता दिवसभरात ‘चप्पल बाहेर नको, आत चालेल’ एवढंच बोलायचा.

रुपचंद भेटला तो त्या बँकेतच. एरंडोलच्या शाळेतला वर्गमित्र. नुसता वर्गमित्र म्हणणं खरं तर अपुरं आहे. पासष्ट-सहासष्ट साली शाळेतल्या माठाचं पाणी तोतारामच्या ओंजळीत वरून ओतलं जायचं. पाचवीत असताना एक दिवस रुपचंदने सगळ्यांसमोर आपला पितळी पेला भरला, अर्धं पाणी स्वतः प्यायला आणि उरलेला पेला तोतारामच्या हातात दिला. मास्तरांनी दोघांनाही छड्या मारल्या. त्या दिवसापासून तोतारामच्या मनात रुपचंदसाठी जी जागा झाली, तिथं पुढं कुणी बसलं नाही.

आता रुपचंदचा जळगावात संगणकाचा क्लास होता. रिंग रोडला दुसऱ्या मजल्यावर, बारा संगणक, दाराला काच. मनातलं बोलायचं झालं की दोघं अहिराणीवर यायचे. एक दिवस तो तोतारामना तिथं घेऊन गेला आणि एका पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर विमानाचं कॉकपिट होतं. हातात काठीसारखा दांडा. दांडा ओढला तर पडद्यावरची जमीन खाली जायची.

“सिम्युलेटर म्हणतात याला, खोटं विमान. पोरं खेळतात हे. पण आपण याचा खेळ नाही करायचा,” रुपचंद म्हणाला. “केळीवाल्यांची, सराफांची पोरं पायलट व्हायला निघाली आहेत. विमान चालवायला शिकवणारे फ्लाइंग क्लब आहेत. पण रेडिओवर बोलायचं कसं, ते इकडं कुणी शिकवत नाही. परीक्षेत पोरं तिथंच आपटतात. अमेरिकेहून माझ्या मेव्हण्याने एक सॉफ्टवेअर पाठवलंय. माणूस बोलतो आणि मशीन ते ऐकून लिहितं. विद्यार्थी बोलेल, मशीन ऐकेल आणि टॉवरसारखं उत्तर देईल. फक्त टॉवरचा आवाज पाहिजे.”

तो थांबला आणि अहिराणीत म्हणाला, “तोताराम, तुना आवाज म्हणजे सोनं शे, सोनं.”

तोतारामनी त्या आठवड्यात बँकेतली बंदूक जमा केली.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. पुढचे पाच महिने तोताराम सकाळी नऊला क्लासमध्ये जायचे आणि डोक्याला हेडफोन लावून मशीनला शिकवायचे. मशीनला आधी माणसाचा आवाज ओळखायला लावावा लागतो. त्यासाठी पडद्यावर येणारे उतारे सावकाश वाचून दाखवायचे. चुकलं की दुरुस्त करायचं, पुन्हा वाचायचं. तोतारामनी रेडिओवरची सगळी बोली मशीनमध्ये भरली. तीनला ‘ट्री’ म्हणायचं, नऊला ‘नाइनर’ म्हणायचं. विमानाची नावं अक्षरा-अक्षराने सांगायची. उड्डाणाची परवानगी, उतरण्याची परवानगी, वाऱ्याची दिशा, ‘थांबा’, ‘पुन्हा सांगा’. उत्तरादाखल लागणारी तीनशे चाळीस वाक्यं त्यांनी स्वतःच्या आवाजात भरून दिली. घरी आले तरी लिलाबाईंशी बोलताना तोंडून ‘रॉजर’ निघायचं.

मशीन त्यांचं एकूण एक वाक्य बरोबर ओळखायला लागलं. त्या दिवशी त्यांनी क्लासमधल्या सगळ्यांसाठी कचोरी आणवली.

पण मशीन फक्त त्यांनाच ओळखत होतं. रुपचंदने माइक हातात घेऊन ‘रिक्वेस्ट टॅक्सी’ म्हणत विमान धावपट्टीकडं न्यायची परवानगी मागितली, तर पडद्यावर भलतंच काही उमटलं. यावलच्या एका पोराने ‘क्लाइंबिंग’ म्हटलं, मशीनने त्याचं ‘टाइमिंग’ करून टाकलं. इकडच्या तोंडातला इंग्रजीचा हेल त्या अमेरिकन मशीनला झेपेना.

“प्रत्येक पोराचा आवाज वेगळा शिकवावा लागेल,” तोताराम म्हणाले. “एकेकाला पंधरा दिवस लागतील. पण होईल. पक्कं होईल.”

“उद्घाटनाला आठ दिवस आहेत,” रुपचंद म्हणाला. “पत्रिका वाटून झाल्यात.”

मग त्याने पुना सुतारला बोलावलं. सिम्युलेटरच्या खोलीला लागून मागच्या बाजूला प्लायवूडची एक अरुंद खोली झाली. बाहेरून कपाटासारखी दिसायची. आत एक खुर्ची, दुसरा संगणक, हेडफोन आणि माइक. विद्यार्थी बोलेल ते तोतारामनी आतून ऐकायचं, भराभर टाइप करायचं, म्हणजे विद्यार्थ्याच्या पडद्यावर ते शब्द उमटतील. आणि उत्तर द्यायचं. भरलेल्या वाक्यांत बसत असेल तर बटण दाबून, नाहीतर स्वतः बोलून.

तोतारामचा चेहरा उतरला. “हाई खोटं शे, रुपचंद.”

“आजना दिन संभायी ले. मंग मशीन शेच की.” रुपचंदने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “तू मना भाऊ शे. तुले नही सांगू तर कोनले सांगू?”

उद्घाटन झकास झालं. पाहुण्यांनी खुर्चीवर बसून ‘जळगाव टॉवर’ अशी हाक मारली, टॉवरने खणखणीत उत्तर दिलं, टाळ्या पडल्या. रुपचंदने भाषणात सांगितलं, “आवाज आमच्या बिऱ्हाडे सरांचा आहे, पण डोकं मशीनचं!” तोतारामना हे प्लायवूडमागून ऐकू आलं.

तो एक दिवस पुढं लांबत गेला. सकाळी आठ ते दहा तोताराम फळ्यासमोर उभं राहून रेडिओचे नियम शिकवायचे. दहा वाजता सगळ्यांना निरोप देऊन काचेच्या दारातून बाहेर पडायचे, गल्लीतून वळसा घालून मागच्या लोखंडी जिन्याने वर यायचे आणि त्या कपाटात शिरायचे. विद्यार्थ्यांना वाटायचं, सर घरी गेले. ‘पोरांचे आवाज मशीनला शिकवू या’ असा विषय त्यांनी तीन-चारदा काढला. रुपचंद दरवेळी म्हणाला, “ही बॅच होऊन जाऊ दे.” दारावर ‘मुख्य प्रशिक्षक : तोताराम बिऱ्हाडे’ अशी पाटी लागणार होती, तीही ही बॅच झाल्यावरच.

त्या बॅचमध्ये कुंदा होती. फैजपूरकडची, वडिलांच्या केळीच्या बागा, आई लहानपणीच गेलेली. बी.एस्सी. झालेली, वय एकवीस. सकाळच्या वर्गात ती मागच्या बाकावर बसायची आणि तोंड उघडायची नाही. एकदा तोतारामनी तिला प्रश्न विचारला, तर तिच्या ओठांना कंप सुटला, मान आखडली आणि पहिलंच अक्षर तिथल्या तिथं अडकून राहिलं. पुढच्या बाकावरचे दोघं फिसकन हसले. तोतारामनी विषय बदलला. ही पोरगी रेडिओवर काय बोलणार, असं त्यांच्या मनात आलं.

पण त्याच दिवशी साडेअकरा वाजता ती सिम्युलेटरच्या खुर्चीवर बसली. खोलीचं दार बंद झालं. तोतारामनी प्लायवूडमागे हेडफोन सरळ केला आणि त्यांच्या कानात एक स्वच्छ, न अडखळणारा आवाज आला.

“जळगाव टॉवर, व्हिक्टर टँगो किलो डेल्टा, रेडी फॉर डिपार्चर.”

तोताराम टाइप करायचं क्षणभर विसरलेच. मग उत्तर दिलं. तिने ते शब्द न् शब्द परत म्हणून दाखवले. वीस वर्षांत त्यांनी पुष्कळ वैमानिकांचे आवाज ऐकले होते, पण इतकं नीटस बोलणं क्वचित ऐकलं होतं. समोर माणूस नव्हता. हसणारं कुणी नव्हतं. म्हणून तिची जीभ मोकळी झाली होती, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं.

ती रोज यायची. दिलेला सराव संपला तरी उठायची नाही. एक दिवस ती मराठीत बोलली. “तुला मराठी कळत नाही, हे बरं आहे.”

तोतारामची बोटं थांबली. मशीन असतं तर काय केलं असतं? त्यांनी चार निरर्थक अक्षरं टाइप केली आणि बटण दाबलं. त्यांचाच भरलेला आवाज तिच्या कानात गेला, “से अगेन.”

कुंदा हसली. “परत सांगू? बरं, सांगते.”

आणि ती सांगत गेली. त्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी आणखी. शाळेत प्रार्थनेच्या वेळी तिला मुद्दाम पुढं उभं करणाऱ्या बाई. दुकानात जाऊन एखादी वस्तू मागायची, तर जे नाव तोंडातून निघेल तीच वस्तू आणायची, मग ती नको असली तरी. घरी तिला बघायला आलेला चोपड्याचा मुलगा. तो जाताना ओट्यावर आपल्या मामाला म्हणाला होता, “मुकी असती तरी चाललं असतं, ही तर निम्मी बोलते.” ते तिने खिडकीतून ऐकलं होतं. वडिलांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

“आता तुला सांगितलं,” ती म्हणाली.

“से अगेन,” टॉवर म्हणाला.

तोतारामनी हेडफोन काढून ठेवायला हवा होता. काढला नाही. त्यांना मूल नव्हतं, म्हणून असेल. किंवा इतकी वर्षं लोकांनी त्यांच्या आवाजावर भरवसा टाकला होता, तसाच हाही एक, असं त्यांनी स्वतःला समजावलं असेल. पण तेजपूरच्या वैमानिकाला खाली माणूस आहे हे ठाऊक होतं. हिला नव्हतं. हे त्यांना कळत होतं आणि तरी ते रोज लोखंडी जिना चढायचे.

शेवटी एका दुपारी ते रुपचंदच्या केबिनमध्ये गेले.

“ती फैजपूरनी पोर मशीनजोडे मनमधलं बठ्ठं बोलस. माले आयकाले लाज वाटस.”

“मंग हेडफोन काढी ठेव.”

“ते नही. तिले खरं सांगू दे माले.”

रुपचंद पुढं झुकला. “असं काय बोलते ती?”

तोतारामनी सांगितलं. मित्राच्या मनाला पाझर फुटावा म्हणून सगळंच सांगितलं. प्रार्थनेचं, दुकानाचं आणि चोपड्याच्या मुलाचं ते वाक्यही. रुपचंद ऐकत राहिला. शेवटी त्याचे डोळे खरोखर ओलावल्यासारखे दिसले. “बिचारी,” तो म्हणाला. “मला आठ दिवस दे. मी काहीतरी करतो.”

आठ दिवसांनी जळगावच्या सगळ्या वर्तमानपत्रांच्या घड्यांतून एक गुलाबी पत्रक घरोघर गेलं. वर विमानाचं चित्र. खाली ठळक अक्षरांत : ‘तोतरेपणावर संगणकाची मात!’ आणि मग : ‘“मुकी असती तरी चाललं असतं, ही तर निम्मी बोलते” असं म्हणून जिला लग्नासाठी नाकारलं, ती केळी बागायतदाराची कन्या आज आमच्या बोलक्या टॉवरशी फाडफाड इंग्रजी बोलते!’ नाव छापलं नव्हतं. पण फैजपूरकडच्या माणसाला नाव लागत नव्हतं.

तोतारामनी ते पत्रक सकाळी घरीच पाहिलं. चहाचा कप तसाच राहिला. ते तडक क्लासमध्ये गेले. रुपचंद भुसावळला गेला होता. संध्याकाळी येणार होता. वर्गात कुंदा नव्हती. बरं झालं, असं त्यांना वाटलं. आज ती येणार नाही, उद्या आपण स्वतः फैजपूरला जाऊ, असं ठरवून ते दहा वाजता मागच्या जिन्याने वर चढले. का चढले, हे त्यांना नंतर कधी सांगता आलं नाही. सवय.

साडेअकराला खोलीचं दार वाजलं. खुर्ची सरकली. हेडफोन घातल्याची खरखर कानात आली. आणि मग कितीतरी वेळ नुसता श्वास.

तोताराम वाट पाहत राहिले. ‘जळगाव टॉवर’ अशी हाक येईल आणि आपण उत्तर देऊ. हाक आली ती वेगळी.

“ति-ति-तिथं को-को-कोण आहे?”

मशीनपुढं ती पहिल्यांदाच अडखळत होती.

तोतारामचं बोट बटणावर गेलं. ‘से अगेन’ एवढे दोन शब्द गेले असते, तर ती कदाचित उठून गेली असती. पत्रकातलं वाक्य कुठून फुटलं याचा तिने दुसरीकडं कुठं शोध घेतला असता. चोपड्याच्या मुलावर संशय घेतला असता. सगळं निभावून गेलं असतं. प्लायवूडच्या पलीकडं हातभर अंतरावर ती बसली होती. कागद कुसकरल्याचा आवाज येत होता.

“को-कोणी आहे का?”

हाक होती. तोतारामनी बटणावरचं बोट उचललं.

“मी आहे, बेटा,” ते माइकमध्ये म्हणाले. “बिऱ्हाडे.”

पलीकडं काहीतरी पडलं. मग कपाटाचं दार ओढलं गेलं. ती दारात उभी होती, हातात गुलाबी कागदाचा बोळा. तिने त्यांच्याकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं, त्यांच्या पुढ्यातल्या पडद्याकडं पाहिलं. त्या पडद्यावर तिची महिनाभराची वाक्यं ओळीने उभी होती. तिचे ओठ हलले, पण अक्षर फुटलं नाही. ती वळली आणि गेली. तोताराम तिच्यामागे जिन्यापर्यंत गेले. हाक मारायला तोंड उघडलं आणि त्यांना कळेना की कोणत्या तोंडाने हाक मारायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदाचे वडील आले. लोटन महाजन. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, बरोबर दोन भाऊबंद. रुपचंदने तोतारामना निरोप पाठवून बोलावून घेतलं. तोताराम काचेच्या दाराने आत गेले आणि सिम्युलेटरच्या खोलीत पाऊल टाकताच थबकले. प्लायवूडची खोली नव्हती. भिंतीला ताजा चुना होता, त्याचा वास येत होता. जिथं ते चार महिने बसले होते तिथं एक टेबल, त्यावर फुलदाणी.

“तुम्ही काय करून राह्यले होते आत?” लोटनभाऊंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला.

तोतारामनी रुपचंदकडं पाहिलं. तो सांगेल असं त्यांना वाटलं. सगळं नाही, थोडं तरी. ‘चूक आमची झाली’ एवढं म्हणाला असता तरी पुरे होतं.

रुपचंदने कपाळावरून हात फिरवला. “भाऊ, मी या माणसावर आंधळा विश्वास टाकला. लहानपणापासूनचे संबंध. मशीन बसवायचं सगळं काम यांच्याकडं होतं, मला त्यातलं काही कळत नाही. हे मागून येऊन पोरींचं बोलणं चोरून ऐकतात, हे मला काल समजलं. पत्रकातला मजकूरही यांनीच सांगितला. मला वाटलं, मुलीने स्वतःहून सांगितलं असेल.”

तो शुद्ध मराठीत बोलत होता. एका वाक्यात खरं किती आणि खोटं किती, हे वेगळं करता येऊ नये अशी ती वाक्यं होती. मजकूर त्यांनीच सांगितला होता. मागून येऊन त्यांनीच ऐकलं होतं.

“रुपचंद,” ते एवढंच म्हणाले.

“मला रुपचंद म्हणू नका आता,” तो म्हणाला.

भाऊबंदांपैकी एकाने तोतारामची कॉलर धरली. लोटनभाऊंनी त्याचा हात बाजूला केला. “तुम्ही सांगा,” ते तोतारामना म्हणाले. “हे खरं आहे?”

“मला बसवलं होतं,” तोताराम म्हणाले. “पण बसलो मी. तिचं ऐकलं मी. आणि बाहेर सांगितलं तेही मीच, माणूस चुकीचा निवडला. तुमच्या मुलीने काही चुकीचं केलेलं नाही.”

लोटनभाऊ भाऊबंदांना घेऊन जिना उतरून गेले. रुपचंद केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं.

तोताराम तिथून पुना सुताराकडं गेले. शनिपेठेत त्याचं दुकान होतं. “तू ती खोली बांधली होतीस. कुणी सांगितलं होतं, ते लोटनभाऊंना येऊन सांगशील का?” पुना रंधा मारत राहिला. “मी कपाट बांधलं होतं, नाना. कपाटात कोण बसतं, ते मी कशाला बघू?” मग मान वर न करता म्हणाला, “रुपचंदभाऊंच्या नवीन घराचं सगळं लाकूडकाम माझ्याकडं आहे.”

घरी लिलाबाईंना कळायला दोन दिवस लागले नाहीत. अंगणवाडीतल्या बायकांनीच सांगितलं. तोतारामना वाटलं, ही तरी आपली बाजू घेईल. लिलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रुपचंदला चार शिव्या दिल्या, त्याने याच घरात खाल्लेले भरीत-भाकरीचे घास मोजून दाखवले. आणि मग म्हणाल्या, “त्याने तुम्हाला फसवलं. पण तुम्हाला निदान ठाऊक होतं की तुम्ही कुणाशी बोलताय. त्या पोरीला तेवढंही नव्हतं.”

तोताराम जेवणावरून उठले. पण रविवारी सकाळी त्यांनी फैजपूरची एस.टी. धरली.

लोटनभाऊंचा वाडा नव्हता, साधं सिमेंटचं घर होतं, पुढं केळीचे घड तोलायचा काटा. लोटनभाऊंनी त्यांना बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. आत जाऊन आले. थोड्या वेळाने कुंदा ओसरीवर आली आणि खांबाला धरून उभी राहिली.

तोतारामनी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. वीस वर्षं ज्यांना शब्द शोधावा लागला नाही, त्यांना एकही आठवेना. “माफी मागायला आलो,” ते म्हणाले.

कुंदा बोलायला लागली. पहिल्या अक्षरावर अडली, डोळे मिटले, पुन्हा सुरुवात केली. तोताराम खाली बघत थांबून राहिले. वाक्य पुरं व्हायला खूप वेळ लागला. त्यांनी ते मधेच तोडलं नाही की तिच्या तोंडचा शब्द पुरवला नाही.

“तु-तुम्ही हसायचात का? आ-आत बसून?”

“नाही. कधीच नाही.”

“म-मग?”

“तू चांगलं बोलायचीस. टॉवरमध्ये असतो, तर मी सगळ्यांना सांगितलं असतं की या वैमानिकासारखं बोला.”

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. तोतारामना क्षणभर आशा वाटली. मग ती ताठ झाली.

“मी म-मशीनला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तु-तुम्हाला नाही.”

ती आत गेली. लोटनभाऊंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. दारी आलेल्या माणसाला पाण्याशिवाय पाठवू नये म्हणून. तोतारामनी दोन घोट घेतले आणि परतीची गाडी पकडली.

बँकेने त्यांना पुन्हा घेतलं नाही. बातमी तिथंही पोचली होती. काही महिने ते घरीच बसून होते. हाक आली तरी ‘ओ’ द्यायला त्यांना वेळ लागायचा, लिलाबाईंना दोनदा बोलवावं लागायचं. मग हवाई दलातल्या जुन्या ओळखीने धुळ्यापलीकडं नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर नोकरी मिळाली. आठवडाभर तिकडंच राहायचं, शनिवारी जळगावला यायचं.

रुपचंदचा क्लास चालू राहिला. पत्रकाचा गवगवा महिनाभर टिकला आणि विरला. बोलका टॉवर मात्र खरोखरचं मशीन झाल्यावर कुणाचंच ऐकेनासा झाला. विद्यार्थी ‘लँडिंग’ म्हणायचे आणि तो ‘से अगेन’ म्हणायचा. पुढच्या वर्षी त्या खोलीत हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे वर्ग सुरू झाले. एकदा नव्याण्णवच्या दिवाळीआधी रुपचंद स्टेशन रोडवर समोरून आला. त्याने स्कूटर थांबवली, जणू काही झालंच नव्हतं अशा आवाजात म्हणाला, “काय तोताराम, कसा शे?” तोताराम थांबले. त्यांना विचारायचं होतं की आपल्या एवढ्या वर्षांच्या मैत्रीत तू मला नेमका काय समजत होतास. पण मग त्यांच्या लक्षात आलं की उत्तर काहीही आलं तरी ते खरं की खोटं हे आता आपल्याला ओळखता येणार नाही. ते चालायला लागले.

त्याच हिवाळ्यात लोटनभाऊ त्यांना जळगावच्या बस स्टँडवर भेटले. धुळ्याच्या गाडीला वेळ होता. लोटनभाऊ आपणहून जवळ आले आणि बाकावर शेजारी बसले. थोडा वेळ केळीच्या भावाचं, थंडीचं बोलणं झालं.

“पोरगी पुण्याला असते,” ते मग म्हणाले. “वाचा सुधारणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडं जाते. अडखळते अजून. पण आता दुकानात जाऊन हवं तेच मागते, लागेल तेवढा वेळ लागो. रेडिओच्या परीक्षेला बसायचं म्हणते.”

तोतारामनी मान हलवली. त्यांना बरंच काही विचारायचं होतं.

“तुमच्या हातच्या नोट्स आहेत तिच्याकडं. त्या घेऊन गेली,” लोटनभाऊ म्हणाले. मग समोरच्या फलाटाकडं बघत म्हणाले, “पण तुमचं नाव काढू देत नाही घरात. मी आज बोललो, तेही तिला सांगणार नाही.”

“नका सांगू,” तोताराम म्हणाले. “तिचं बरोबर आहे.”

धुळ्याची गाडी लागली. लोटनभाऊंनी त्यांची पिशवी खिडकीतून आत दिली. तोताराम मागच्या बाजूला, डिझेलच्या वासात, चाकावरच्या सीटवर बसले. शेजारचा माणूस कुठं उतरणार म्हणून विचारत होता. त्यांनी धुळे, तिथून पुढं नरडाणा म्हणून सांगितलं आणि तिकिटासाठी सुटे पैसे काढले.